तीन नायक थकले, एक गळा गात राहिला

28 डिसेंबर 1959ची रात्र. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेराचं जुनं नाट्यगृह भरलं होतं. जर्मन संगीतकार वाग्नरचा ‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’ सुरू व्हायचा होता. पडदा उघडण्याऐवजी पडद्याबाहेर आले ते संस्थेचे प्रमुख रुडॉल्फ बिंग. ऐन वेळी प्रमुखच समोर येऊन उभे राहिले की रसिकांच्या पोटात गोळा येतो. आजचा प्रयोग रद्द, असंच आता ऐकावं लागणार!

बिंगनी सांगितलं ते मात्र वेगळंच होतं. इझोल्डे ठणठणीत आहे. ट्रिस्टानची भूमिका येणारे तीन गायक संस्थेकडे आहेत, पण तिघेही आजारी आहेत. चार तासांचं ओझं पेलण्याची ताकद आज तिघांपैकी एकातही नाही. तरी एकेक अंक निभावून नेऊ, असं तिघांनीही कबूल केलं आहे. आणि ऑपेराला अंकही तीनच आहेत.

रामोन विनाय, कार्ल लीब्ल आणि अल्बर्ट दा कोस्टा. एकाच रात्री तीन ट्रिस्टान रंगमंचावर आले आणि आपापला अंक गाऊन विंगेत गेले. इझोल्डे मात्र पहिल्या अंकापासून शेवटच्या स्वरापर्यंत एकच होती. दहाच दिवसांपूर्वी, 18 डिसेंबरला, तिनं याच रंगमंचावर पहिलं पाऊल टाकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तिची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर झळकली होती. स्वीडनच्या एका शेतकऱ्याची ही एकेचाळीस वर्षांची मुलगी, बिर्गिट निल्सन.

हा किस्सा ऑपेराच्या जगात आजही रंगवून सांगितला जातो, आणि ऐकणारे हसतात. मला त्यातलं हसू नंतर सुचतं. आधी मनात येतो तो प्रश्न. मांसाच्या दोन इवल्याशा घड्या, छातीतला थोडासा वारा आणि तोंडाची पोकळी, एवढ्या सामग्रीवर एक माणूस हे करतो तरी कसं? समोर शंभर वाद्यांचा वृंद, पलीकडे साडेतीन हजारांवर श्रोते, आणि मध्ये एकही ध्वनिवर्धक नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो आवाज आपल्या शेजारीच उभा असल्यासारखा वाटतो. निल्सनच्या कारकिर्दीकडे पाहताना या कोड्याची उकल होत जाते, आणि गंमत अशी की उकल झाली तरी आश्चर्य तसूभरही कमी होत नाही.

ओझं किती?

आधी हे ओझं नीट समजून घेऊ. मराठी संगीत नाटकाच्या सुरुवातीच्या काळातही नट ध्वनिवर्धकाशिवाय गायचे, पण साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला असायचा, आणि साथीदार गाणाऱ्याच्या कलानं वाजवायचे. वाग्नरच्या वृंदात व्हायोलिनचे ताफेच्या ताफे असतात, शिवाय तुताऱ्या, ट्रॉम्बोन, नगारे. या वृंदाला कथेत स्वतःचं काही सांगायचं असतं. तो गायिकेची नुसती साथ करत नाही. समुद्रानं होडीला उचलावं, गिळू पाहावं, पुन्हा उचलावं, तसं त्याचं वागणं असतं.

‘ट्रिस्टान’ तर सुरुवातीपासूनच गायकांना धडकी भरवणारा. 1860च्या दशकात व्हिएन्नात त्याच्या सत्तरहून अधिक तालमी झाल्या आणि अखेर ‘हे गाता येण्याजोगं नाही’ म्हणून तो सोडून देण्यात आला. 10 जून 1865 रोजी म्युनिकमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यातला पहिला ट्रिस्टान, लुडविग श्नोर फॉन कारोल्सफेल्ड, चार प्रयोग गायला आणि दीड महिन्याच्या आत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. भूमिकेनंच त्याचा जीव घेतला, अशी आख्यायिका लगेच उठली. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी लोकांना ती सहज पटली यातच या भूमिकांचा दरारा दिसतो.

इझोल्डेची परीक्षा आणखी वेगळी. पहिल्या अंकात तिला संतापानं पेटून उठायचं असतं. दुसऱ्या अंकात तार सप्तकाच्याही वर झेपावायचं असतं आणि नंतर प्रदीर्घ प्रणयगीत सांभाळायचं असतं. एवढं झाल्यावर, अगदी शेवटी, ट्रिस्टानच्या प्रेताशेजारी उभं राहून तिला सगळ्या रात्रीतलं सगळ्यात कोमल गाणं गायचं असतं. धावपटूनं शर्यत संपवून लगेच सुईत दोरा ओवावा, तसं हे आहे. निल्सननं ही भूमिका आयुष्यात दोनशेहून अधिक वेळा केली. इझोल्डे गायला काय लागतं, असं तिला कुणी विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर असे, पायाला न बोचणारे जोडे. चार तास उभं राहणाऱ्या बाईचं हे अगदी खरं उत्तर होतं. गळ्याची चिंता तिनं फार आधीच मिटवून टाकली होती.

तंबोरा आणि झोका

आता त्या गळ्यात डोकावू. बाईच्या स्वरयंत्रातल्या स्वरतंतूंची लांबी जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या नखाएवढी. फुप्फुसातून येणारी हवा त्यांना उघडते, ते पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. आपल्याकडच्या बहुतेक ख्यालगायिकांचा तार षड्ज सेकंदाला सव्वाचारशे ते साडेचारशे कंपनांच्या आसपास असतो. इझोल्डेसारख्या भूमिका गाणाऱ्या सोप्रानोला, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीच्या गायिकेला, ज्या ‘वरच्या सी’वर जावं लागतं, तिथं हे तंतू सेकंदाला 1,046 वेळा उघडतात आणि मिटतात. आपल्या तार षड्जाच्याही वर एक अख्खं सप्तक आणि आणखी थोडं!

पण तंतूंतून निघणारा मूळ आवाज अगदीच किरटा असतो. त्याचं सोनं होतं ते वरच्या पोकळीत, म्हणजे घसा, तोंड आणि ओठ यांच्या नळीत. तंबोऱ्याशेजारी बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. खर्जाची एकच तार छेडली, तरी तिच्यात कुणीही न वाजवलेला गंधार ऐकू येतो. एका स्वराच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे कितीतरी स्वर दडलेले असतात. त्यांतले कोणते उजळायचे आणि कोणते मावळू द्यायचे, हे ती पोकळी ठरवते. तिचा आकार बदलला की उजळणारे स्वर बदलतात. ‘आ’ आणि ‘ई’ यांत तरी दुसरा कोणता फरक आहे?

इथं झोका आठवावा. झोपाळ्यावरच्या पोराला भलत्या वेळी कितीही जोरात ढकललं, तरी झोका वाढत नाही. तो मागे येऊन पुढे निघण्याच्या नेमक्या क्षणी एका बोटानं लोटलं, की झोका आभाळाला जाऊन भिडतो. अनुनाद म्हणजे हीच वेळ साधणं. पोकळीचा स्वतःचा एक आवडता स्वर असतो. तंतूंचा स्वर आणि पोकळीचा आवडता स्वर जुळले की आवाज दणदणीत होतो, आणि त्यासाठी गळ्याला जास्तीचे कष्ट पडत नाहीत.

या शास्त्राचा मोठा भाग स्टॉकहोममध्ये उलगडला, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. निल्सन ज्या शहराच्या रंगमंचावर घडली, त्याच शहरातल्या तंत्रविद्यापीठात योहान सुंडबर्ग हे संशोधक 1970च्या दशकात गायकांचे आवाज तपासत होते. वृंदाच्या आवाजाचा सगळ्यात मोठा जोर सेकंदाला 500 कंपनांच्या आसपास असतो आणि तिथून वर तो झपाट्यानं उतरत जातो, हे त्यांनी दाखवलं. तयारीचे पुरुष गायक घशाचा खालचा भाग असा काही आकारतात की 3,000 कंपनांच्या आसपासचे दडलेले स्वर एकदम उजळून निघतात. वृंद जिथं दुबळा, नेमका तिथंच गायकाचा आवाज तळपतो. आणि माणसाचा कानही नेमका याच पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण ऐकतो. गर्दीवर ओरडून मात करता येत नाही. गर्दीत जिथून वाट मोकळी आहे तिथून निघून जायचं, अशी ही युक्ती.

सोप्रानो फार वर गाते तेव्हा तिचा खेळ निराळा असतो. तिचा मूळ स्वरच इतका उंच असतो की तो वृंदाच्या गर्दीच्या वर जाऊन बसतो. मग ती जबडा खाली सोडते, तोंड उघडते आणि पोकळीचा आवडता स्वर वर ढकलत आपल्या गाण्याच्या स्वराला नेऊन भिडवते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये, गायिका गात असतानाच त्यांच्या तोंडाच्या पोकळीचं माप घेऊन हे दाखवून दिलं. प्रत्येक वरच्या स्वरासाठी ती पोकळी नव्यानं लावली जात होती, जणू प्रत्येक सुरासाठी तंबोरा नव्यानं जुळवावा.

यातून एक जुनं कोडंही सुटतं. ऑपेरातल्या वरच्या स्वरांत शब्द का कळत नाहीत? ‘ई’ला पोकळी बारीक लागते, ‘आ’ला मोकळी. वरच्या सीवर पोकळी मोकळी सोडावीच लागते, म्हणून तिथं ‘ई’सुद्धा ‘आ’कडे झुकते. गायिकेचे उच्चार ढिले पडलेले नसतात. शब्द आणि स्वर यांतलं एकच काही तिथं राखता येतं, आणि ती स्वर राखते.

शेतावरून स्टॉकहोमला

हे शास्त्र निल्सनला कुणी शिकवलं नव्हतं. 17 मे 1918 रोजी दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतात, वेस्त्रा कारूपजवळच्या शेतघरात ती जन्मली. आईबापांना ही एकुलती एक मुलगी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं शेत तिनंच पुढे सांभाळावं अशी वडिलांची इच्छा. तिनं गाईंच्या धारा काढल्या, बीटाच्या रानात वाकून विरळणी केली, आणि ती चर्चच्या गायनवृंदात गायली. जवळच्या ओस्टॉर्प गावचे संगीतशिक्षक राग्नार ब्लेनोव यांनी तिचा आवाज ऐकला आणि ही मोठी गायिका होणार हे ओळखलं. 1941 मध्ये ती स्टॉकहोमच्या रॉयल अकादमीत दाखल झाली.

तिथला अनुभव सुखाचा नव्हता. जोसेफ हिस्लॉप या नावाजलेल्या स्कॉटिश टेनर गायकाकडे ती शिकली. त्यांच्या पद्धतीनं आपला गळा जवळपास मारलाच होता, असं ती पुढे उघडपणे म्हणत आली. 1946 मध्ये वेबरच्या ‘डेर फ्रायशुट्स’मधली नायिका आजारी पडली आणि निल्सनला तीन दिवसांत आगाथेची भूमिका बसवून उभं राहावं लागलं. कंडक्टर लेओ ब्लेख तिच्यावर नाराज झाले. त्या रात्रीनंतर आपलं सगळं संपलं असं तिला वाटलं होतं. पुढच्याच वर्षी फ्रिट्स बुश यांच्या हाताखाली तिनं व्हेर्दीची लेडी मॅकबेथ गायली आणि स्टॉकहोमनं तिला आपलं म्हटलं.

त्यानंतर ती जगाकडे लगेच धावली नाही, आणि मला वाटतं तिच्या दीर्घायुषी कारकिर्दीचं मर्म इथंच आहे. स्टॉकहोमच्या रंगमंचावर तिनं मोझार्ट गायला, व्हेर्दी गायला, पुच्चिनी गायला आणि वाग्नरच्या तुलनेनं हलक्या भूमिका केल्या. जमिनीचा कस पाहून पीक घ्यावं, तसं एकेक. खरा गुरू रंगमंचच, असं ती मानत असे. प्रयोगामागून प्रयोग करताना तिनं घशावरचा दाब सोडून दिला आणि सूर वरच्या पोकळीत घुमू दिला. शास्त्रज्ञांनी नंतर आलेख काढून जे सांगितलं, ते तिनं आधीच कानानं आणि अंगानं शोधून काढलं होतं.

म्हणून तिच्या आवाजाबद्दल बोलताना ‘मोठा’ हा शब्द मला अपुरा वाटतो. तो आवाज नेमका होता. सुराच्या आजूबाजूला चाचपडत ती कधी वर चढली नाही. वाजलेल्या घंटेसारखा तो सूर पहिल्याच क्षणी पुरा असायचा. आपल्याकडचे जुने लोक पैशांबद्दल सांगतात की व्याजावर जगावं, मुद्दलाला हात लावू नये. गाणाऱ्यांच्या जगातही हाच उपदेश करतात, आणि निल्सननं तो जवळपास चाळीस वर्षं पाळला.

बायरॉइटचा झाकलेला खड्डा

1954 मध्ये ती बायरॉइटला पोहोचली. बव्हेरियातलं हे गाव म्हणजे वाग्नरभक्तांचं पंढरपूर. तिथलं नाट्यगृह वाग्नरनं स्वतः बांधून घेतलं आणि 1876 मध्ये ते उघडलं. आत सुमारे एकोणीसशे श्रोते बसतात. त्याची खरी करामत जमिनीखाली आहे. वाद्यवृंदाचा खड्डा रंगमंचाच्या खाली सरकलेला आहे आणि वरून एका वळणदार छतानं झाकलेला आहे. वादक प्रेक्षकांना दिसत नाहीत. त्यांचा आवाज आधी रंगमंचाकडे वळतो, तिथं गायकाच्या आवाजात मिसळतो आणि मग श्रोत्यांकडे येतो. वृंद धुक्यासारखा पसरतो आणि त्या धुक्यातून माणसाचा आवाज चालत येतो.

पहिल्या वर्षी तिनं ‘लोहेनग्रिन’मधली एल्सा गायली. 1957 पासून इझोल्डे, आणि 1960च्या दशकात ब्रुनहिल्डे. तिथं तिला वीलांट वाग्नर भेटला, रचनाकाराचा नातू आणि त्या काळातला फार धीट दिग्दर्शक. त्यानं रंगमंचावरचे किल्ले, झाडं, शिंगांची शिरस्त्राणं सगळं काढून टाकलं. उरली ती जवळजवळ मोकळी जागा, प्रकाश आणि माणूस. अशा ठिकाणी आवाजाला आडोसा नसतो. निल्सननं आपल्या इझोल्डेला आकार देण्याचं मोठं श्रेय वीलांटला दिलं. 1966 मध्ये, त्याच्या निधनाच्या वर्षी, कार्ल ब्योम यांच्या नेतृत्वाखाली बायरॉइटमध्ये ध्वनिमुद्रित झालेला ‘ट्रिस्टान’ आजही जिज्ञासू श्रोत्यानं पहिला ऐकावा असा आहे. त्यात वोल्फगांग विंडगासेन ट्रिस्टान आहे. दुसऱ्या वर्षी, 1967 मध्ये, बायरॉइटचा संच जपानमधल्या ओसाकाला गेला, तेव्हाही इझोल्डे तीच होती.

ब्रुनहिल्डे ही ‘निबेलुंगाची अंगठी’ या चार रात्रींच्या, सुमारे पंधरा तासांच्या महाकथेतली युद्धकन्या. चारांपैकी तीन रात्री ती गाते. त्या तिघींतल्या पहिल्या रात्री रंगमंचावर येते तीच रणगर्जना करत, उड्या मारत वरच्या सीपर्यंत चढत. शेवटच्या रात्री, सगळं गाऊन झाल्यावर, चितेसमोर तिला एकटीला पंधरा-वीस मिनिटांचं महागीत गायचं असतं. आणि मग घोड्यावर बसून ती आगीत शिरते.

1958 ते 1965 या काळात व्हिएन्नाच्या सोफियेनझाल सभागृहात डेक्का कंपनीनं ही महाकथा ध्वनिमुद्रित केली. निर्माता जॉन कल्शॉ, कंडक्टर गेओर्ग शोल्टी, वादन व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं. स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली ही पहिली संपूर्ण ‘अंगठी’. बीबीसीनं त्या कामावर बनवलेल्या माहितीपटात एक लोभस क्षण आहे. निल्सन चितेसमोरचं गाणं गात असताना मंडळींनी एक खराखुरा घोडा सभागृहात आणून उभा केला, आणि तिला हसू आवरेना. पंधरा तासांच्या शोकांतिकेतली नायिका पोट धरून हसते आहे, आणि थोड्याच वेळात पुन्हा त्याच आगीत उतरते आहे.

तिचा आवाज यंत्रात पुरता कधी मावलाच नाही, असं तिला प्रत्यक्ष ऐकलेले लोक सांगत, आणि स्वतः तिचंही तेच मत होतं. हेही समजण्यासारखं आहे. मायक्रोफोन सूर पकडतो, पण सभागृह भरून जाण्याचा अनुभव त्याला पकडता येत नाही. भिंती, छत, खुर्चीची पाठ आणि आपल्या बरगड्या या सगळ्यांतून आवाज एकाच वेळी आपल्यापर्यंत येतो. तबकडीवर उरतो तो फुलाचा रंग, सुगंध तिथंच राहतो.

बर्फाची राजकन्या आणि मुंबईचा कंडक्टर

वाग्नरपुरतीच ती असती तरी पुरेसं होतं. पण 1958च्या डिसेंबरात मिलानच्या ला स्कालाचा हंगाम तिच्याच गाण्यानं उघडला, आणि तोही पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’नं. इटालियन माणसांसमोर त्यांच्याच घरात त्यांचं संगीत गाण्याचा मान एका स्वीडिश बाईला मिळाला.

तुरांदोत ही चीनची थंड काळजाची राजकन्या. लग्नाला आलेल्या प्रत्येकाला ती तीन कोडी घालते, आणि उत्तर चुकलं की डोकं उडवते. भूमिकेची रचना मुलखावेगळी आहे. पहिल्या अंकात ती एकही स्वर गात नाही, नुसती दिसते. दुसऱ्या अंकात तोंड उघडते ते थेट या ऑपेरातल्या सगळ्यात अवघड गाण्यासाठी. आवाज तापवायला एक ओळही मिळत नाही. पहिलाच सूर बर्फाच्या सुऱ्यासारखा धारदार लागावा लागतो. निल्सनच्या ‘नेमक्या’ सुराचं इथं सोनं झालं.

न्यूयॉर्कमध्ये 1961 मध्ये तिच्यासमोर राजपुत्र म्हणून फ्रांको कोरेल्ली उभा राहिला. दोघेही वरचे सूर सोडायला तयार नसत, आणि त्यांची ही चढाओढ पाहायला लोक रांगा लावत. 1966 मध्ये याच जोडीचा ‘तुरांदोत’ मेट्रोपोलिटनमध्ये रंगला, तेव्हा कंडक्टरच्या जागी होता मुंबईत जन्मलेला, तिशीतला झुबिन मेहता. स्कोनेच्या शेतावरची गायिका, इटालियन राजपुत्र आणि मुंबईच्या पारशी घरातला कंडक्टर, न्यूयॉर्कमध्ये चीनची गोष्ट सांगत होते. त्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि शंभर वादकांवर तिचा सूर कसा उभा राहतो ते त्यात स्पष्ट ऐकू येतं.

याच रंगमंचावर 1967 मध्ये कंडक्टर हर्बर्ट फॉन कारायान ‘अंगठी’मधला ‘वाल्क्युरे’ घेऊन आले. त्यांना रंगमंच अंधारलेला आवडायचा. तालमीला निल्सन खाणकामगाराचं दिव्याचं शिरस्त्राण घालून उभी राहिली. तिची विनोदबुद्धी ही अशी थेट कामाची होती. दिसत नाही, तर दिवा लाव!

आणि रिचर्ड श्ट्राउसची एलेक्ट्रा. 1909 मध्ये पहिल्यांदा झालेल्या या ऑपेराला सुमारे एकशे दहा वादक लागतात. पावणेदोन तासांचा हा एकच सलग अंक, आणि नायिका त्यात जवळजवळ पूर्ण वेळ रंगमंचावर असते. बापाच्या खुनाचा सूड हा तिचा एकमेव श्वास. 1980 मध्ये मेट्रोपोलिटनच्या एलेक्ट्राचं चित्रीकरण झालं तेव्हा निल्सन एकसष्ट वर्षांची होती. आवाजावर वयाची थोडी धूळ दिसते. पण वृंद अंगावर आला की ती मागे सरत नाही, पाय रोवून उभी राहते. मुद्दल शाबूत होतं.

मैफल, म्हणजे एकटीचं गाणं

रंगमंचाला समांतर तिची मैफलही चालू होती. तिथं पोशाख नाही, कथा नाही. पियानोपाशी उभं राहून शूबर्ट, ग्रीग, सिबेलियस आणि मायदेशातली साधी गाणी. हजारो माणसांना हलवणारा आवाज चार भिंतींपुरता आवरणं हीसुद्धा तितकीच मोठी कसोटी. हलकंफुलकं गाणंही तिनं कमी लेखलं नाही. 1960 मधल्या कारायान यांच्या ‘फ्लेडरमाउस’च्या ध्वनिमुद्रणात ती पाहुणी म्हणून आली आणि ‘माय फेअर लेडी’तलं नाचाचं गाणं मनसोक्त गाऊन गेली.

1970च्या दशकाच्या उत्तरार्धात करांच्या वादामुळे अमेरिका तिला काही वर्षं दुरावली. 1979 मध्ये ती परतली, आणि परतली तीही मेट्रोपोलिटनमधल्या मैफलीनं. मग आली 22 ऑक्टोबर 1983ची रात्र. त्या संस्थेला शंभर वर्षं पूर्ण होत होती. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, 22 ऑक्टोबर 1883 रोजी, संस्थेच्या पहिल्याच प्रयोगाची नायिका होती क्रिस्टिना निल्सन. तीही स्वीडिश, तीही गरीब शेतकऱ्याची मुलगी, आणि नात्यानं बिर्गिटची कुणीही नाही. शताब्दीच्या त्या रात्री बिर्गिट निल्सन उभी राहिली, इझोल्डेचा एक भाग गायली आणि मग मायदेशातलं एक साधं गाणं. शंभर वर्षांच्या दोन टोकांना स्वीडनच्या शेतावरच्या दोन निल्सन! अशी जुळणी कादंबरीत वाचली तर आपण लेखकाला दोष देऊ.

1984 मध्ये ती थांबली. आवाज तिला सोडून जाण्याआधी तिनं मंच सोडला आणि ती स्कोनेला परतली.

एप्रिल 1996 मध्ये मेट्रोपोलिटनमध्ये कंडक्टर जेम्स लिव्हाइन यांच्या सन्मानाचा सोहळा होता. सत्त्याहत्तर वर्षांची निल्सन चार शब्द बोलायला आली. बोलणं संपवता संपवता तिनं अचानक ब्रुनहिल्डेची रणगर्जना केली. वृंद नाही, तरी सूर वर गेला आणि सगळं सभागृह भरून आलं. गळा म्हातारा झाला होता, पण झोक्याला नेमक्या क्षणी लोटण्याची जाण म्हातारी झाली नव्हती.

25 डिसेंबर 2005 रोजी ती गेली, आणि गावच्या चर्चच्या आवारात अंत्यसंस्कार आटोपल्यावरच जगाला कळलं. जाण्याआधी तिनं दहा लाख डॉलरच्या पुरस्काराची तजवीज केली होती, आणि पहिल्या मानकऱ्याचं नावही स्वतःच ठरवून बंद पाकिटात ठेवलं होतं. 2009 मध्ये पाकीट उघडलं तेव्हा नाव निघालं प्लासिदो दोमिंगो. स्वीडनच्या पाचशे क्रोनरच्या नोटेवर आज तिचाच चेहरा आहे.

या सगळ्यानंतर एक काम जरूर करावं. 1966च्या बायरॉइटच्या ‘ट्रिस्टान’चा शेवट लावावा, आणि जमलं तर आधीचे चार तासही ऐकावेत. इझोल्डे गात जाते, वृंद लाटेमागून लाट अंगावर आणतो, ती प्रत्येक लाटेवर स्वार होते. मग लाटा ओसरतात, आणि ती शेवटचा स्वर हलकेच ठेवते, झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. त्या स्वराकडे कान लावून ऐकावं. चार तासांचा थकवा त्यात कुठंच सापडत नाही. शेवटच्या क्षणासाठी तिनं एवढं शिल्लक ठेवलेलं असतं.